हाताने चालते, क्रॉनमधून चालत नाही

शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीच्या कार्यालयात रुजू झाल्यावर माझ्याकडे आलेले पहिले स्वतंत्र काम म्हणजे दिवसभरात रवाना झालेल्या कास्टिंगची यादी रोज रात्री २ वाजता ग्राहकाच्या एसएफटीपी (सुरक्षित फाइल देवाणघेवाण) सर्व्हरवर चढवणारी शेल स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल. रात्री ती क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणारी व्यवस्था, चालवत असे. संध्याकाळी मी स्वतः चालवली की ती बिनतक्रार चाले. सकाळी येऊन पाहावे तर यादी पोहोचलेलीच नसे.

लॉगमध्ये ‘अपलोड अयशस्वी’ एवढीच ओळ होती आणि तीही माझीच, कारण मूळ त्रुटीसंदेश मीच फेकून देत होतो. तो लॉगमध्ये वळवल्यावर ‘परमिशन डिनाइड’ दिसले. जोडणी कुठपर्यंत गेली होती, हे या संदेशांतून कळते. ‘टाइम्ड आउट’ आले तर बहुधा फायरवॉल किंवा चुकीचा पत्ता, ‘रिफ्यूज्ड’ आले तर बहुधा यंत्र सापडले पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही (पोर्ट म्हणजे यंत्रावरचे जोडणीचे क्रमांकित दार; एसएफटीपीचे नेहमीचे २२), आणि ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे नेटवर्क ठीक आहे, बहुधा ओळख पटलेली नाही. ओळख पटते ती कीने, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायच्या किल्लीजोडीने: खाजगी की आमच्याकडे, तिची सार्वजनिक जोडीदार ग्राहकाच्या सर्व्हरवर. एवढे समजूनही मी ग्राहकाकडच्या साहेबांना दोनदा फोन करून आमची की पुन्हा तपासायला लावली, याची आजही लाज वाटते.

उलगडा झाला तो एसएफटीपीच्या आज्ञेला ‘-व्ही’ तीनदा देऊन घेतलेल्या सविस्तर लॉगमुळे. सर्व्हरने की स्वीकारार्ह असल्याचे कळवले होते आणि तरीही पुढच्याच टप्प्यावर नकार आला होता. हाताने चालवलेल्या लॉगमध्ये त्याच कीच्या ओळीअखेर ‘एजंट’ हा शब्द होता, क्रॉनच्या लॉगमध्ये तो नव्हता. खाजगी कीला पासफ्रेज, म्हणजे ती उघडण्याचा परवलीचा मजकूर, होती. सकाळी लॉगिन करताना मी ती एसएसएच एजंटला (उघडलेली की सत्रभर सांभाळणाऱ्या प्रोग्रामला) देत असे, म्हणून दिवसा काम होई. क्रॉनला माझ्या सत्रातला एजंट दिसत नाही आणि बॅच मोडमध्ये (माणसाला काही न विचारता चालण्याच्या पद्धतीत) पासफ्रेज विचारलीही जात नाही, त्यामुळे सही करायला खाजगी की उघडतच नव्हती.

उपाय म्हणून या कामापुरती पासफ्रेजविना वेगळी की केली, फाइलची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवली, स्क्रिप्टमध्ये तिचा पूर्ण मार्ग लिहिला, आणि ती की आमच्याच आयपीवरून व फक्त फाइल देवाणघेवाणीपुरती चालावी अशी विनंती ग्राहकाला केली. चाचणीसाठी रात्रीची वाट पाहू नये; ‘एन्व्ह -आय’ने रिकाम्या वातावरणात (लॉगिनमधल्या सेटिंगविना) स्क्रिप्ट चालवली की असे बरेच दोष दिवसाउजेडी सापडतात.

दरम्यान एका सहकाऱ्याने होस्ट की (सर्व्हरची स्वतःची ओळख) तपासणीच बंद करून टाकण्याचा सल्ला दिला होता, आणि मी तो मानलाही होता. ती ओळ नंतर काढली. पुढे ग्राहकाने सर्व्हर बदलला तेव्हा होस्ट की जुळली नाही आणि स्क्रिप्ट पहिल्याच रात्री थांबली. सकाळी मी त्याच साहेबांना तिसरा फोन केला, नव्या होस्ट कीचा फिंगरप्रिंट (तिचा छोटा ठसा) अक्षर-अक्षर जुळवून घेतला आणि मगच नवी नोंद केली.