कानाझावा स्टेशनातून घाईने बाहेर पडू नका

तोक्योहून शिनकानसेन या बुलेट ट्रेनने कानाझावाला उतरलात, की तिकीट-फाटकातून बाहेर पडण्याआधी प्रतीक्षालयात जरूर डोकवा. तिथल्या भिंतीवर इशिकावा प्रांतातल्या कारागिरांच्या वस्तू मांडल्या आहेत. कुतानीची रंगीत चिनी माती आणि वाजिमाचं लाखकाम शेजारीशेजारी पाहायला मिळतं. फाटक ओलांडलं की त्याच तिकिटावर परत आत जाता येत नाही, म्हणून हे आधी.

लाखेच्या वस्तूंपाशी जरा जास्त थांबा. लाखेचे थरावर थर चढवून, घासून एक वाटी पुरी व्हायला कित्येक महिने लागतात. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात वाजिमातल्या अनेक कार्यशाळा कोसळल्या. खरेदी करायचीच असेल, तर स्टेशनातल्या दुकानांतून वाजिमाचीच एखादी जोडी चॉपस्टिक घ्या.