पोट सुटलंय, दंड बारीक झालेत, रिपोर्टमध्ये टेस्टोस्टेरॉन कमी आलंय: कुठून सुरुवात करायची

चाळिशीच्या आसपास बऱ्याच पुरुषांचं एकसारखंच होतं. वजन लग्नात ८० होतं ते आता ८४, म्हणजे काट्यावर फार काही वाटत नाही, पण शर्टाची बाही दंडावर लोंबते आणि तोच शर्ट पोटावर इतका ताणतो की बटणांच्या फटीतून बनियन दिसतं. माझ्या चुलतभावाचं, आमच्या दादाचं, अगदी असंच झालं होतं. वय ३९, राहायला डोंबिवली, ऑफिस बीकेसीला. मागच्या वर्षी दादरच्या पुलाचा जिना चढताना तो मध्येच कठडा धरून थांबला, म्हणाला मांड्यांत जोरच राहिला नाही रे, आणि वर पोचल्यावर मोबाईलमध्ये रिपोर्ट दाखवला. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, २३८ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. जिममधला ट्रेनर त्याला म्हणाला होता की इंजेक्शनचा कोर्स मार, तीन महिन्यांत बॉडी बदलेल. आणि त्याला दुसरं मूल हवंय! हे ऐकून माझ्या पोटात गोळाच आला, का ते पुढे सांगतो.

मी डॉक्टर नाही. पण त्या रिपोर्टनंतरचे आठ महिने मी त्याच्यासोबत टेस्टला गेलो, डॉक्टरांकडे बसलो, मिळेल ते वाचलं, आणि जे हाती लागलं ते क्रमाने लिहितोय.

पहिलं: हा हार्मोन नक्की करतो काय

टेस्टोस्टेरॉन वृषणात तयार होतं, पण हुकूम मेंदूकडून येतो. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच नावाचा हार्मोन सोडते, तो रक्तातून वृषणापर्यंत जातो, मग उत्पादन सुरू. तयार झालेलं टेस्टोस्टेरॉन स्नायूच्या पेशीत शिरून तिथे प्रोटीन बांधायचं काम वाढवतं. शिवाय शरीरात काही कच्च्या पेशी असतात ज्यांचा स्नायूही होऊ शकतो आणि चरबीही, त्यांना हे स्नायूकडे वळवतं. म्हणून ते खूपच कमी झालं की दोन्हीकडून मार बसतो, स्नायू झिजतो आणि चरबी साठते.

आता यातला जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो. २०१३ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला, सुमारे ४०० निरोगी पुरुषांचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन औषधाने बंद केलं आणि मग बाहेरून वेगवेगळ्या प्रमाणात जेल लावायला दिलं. त्यात दिसलं की पातळी ३०० ते ३५०च्या आसपास आली की चरबी वाढायला लागते, पण स्नायू आणि पायांची ताकद कमी व्हायला पातळी २०० किंवा त्याखाली जावी लागते. ही अर्थात सरासरी आहे. पण याचा अर्थ असा की दादाच्या मांड्या २३८मुळे गेल्या असतील ही शक्यता कमीच, त्या बसून बसून गेल्या होत्या. ट्रेनमध्ये बसून, ऑफिसमध्ये बसून, घरी सोफ्यावर बसून.

त्याच अभ्यासात अजून एक गोष्ट निघाली, पुरुषाच्या अंगात टेस्टोस्टेरॉनपासून थोडं इस्ट्रोजेन (ज्याला बायकांचा हार्मोन म्हणतात ते) बनतं आणि चरबी आटोक्यात ठेवायचं काम मुख्यतः ते करतं. त्यामुळे जिममध्ये कुणी इस्ट्रोजेन दाबायच्या गोळ्या देत असेल तर हात जोडा आणि निघा.

आणि हे चक्र उलटंही फिरतं. पोटाच्या आत, आतड्यांभोवती जी चरबी असते ती गप्प बसून राहत नाही. ती टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करते, इन्सुलिनचं काम बिघडवते, आणि मेंदूकडून येणारा एलएचचा हुकूम मंद करते. म्हणजे पोटामुळे टेस्टोस्टेरॉन कमी, आणि टेस्टोस्टेरॉन कमी म्हणून पोट. तिशी-चाळिशीतल्या पोट सुटलेल्या माणसात बहुतेक वेळा सुरुवात पोटापासून झालेली असते, वृषणं ठणठणीत असतात.

दुसरं: टेप घ्या

वजनकाटा बाजूला ठेवा. शिंप्याकडे असतो तसला टेप घ्या, सकाळी उपाशीपोटी, श्वास सोडून, सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजा. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे, पँट आपण पोटाखाली घालतो. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात. दादाची १०१ निघाली, पँट मात्र ३६ची.

आपल्या लोकांचा अजून एक घोळ म्हणजे आपण बारीक दिसतो पण आत चरबी असते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला होता, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. त्यामुळे बीएमआय नॉर्मल आहे म्हणून निवांत राहू नका.

तिसरं: टेस्ट नीट करा, नाहीतर करूच नका

इथे सगळ्यात जास्त चुका होतात आणि दादाचीही इथेच झाली. तो ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी सहाला, मध्ये वडापाव आणि चहा घेऊन, आदल्या रात्री चार तास झोपून लॅबमध्ये गेला आणि रक्त देऊन आला. लॅबवाल्याने वेळ विचारली नाही, काही सांगितलं नाही. टेस्टोस्टेरॉन सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि दिवसभर उतरत जातं, खाल्ल्यावरही खाली येतं. म्हणून सकाळी ७ ते १०च्या मध्ये, उपाशीपोटी, रात्री नीट झोपून, आणि आकडा कमी आला तर दुसऱ्या दिवशी किंवा आठवड्याने परत एकदा. दोन वेळा कमी आलं तरच ते कमी.

पावसाळ्यात तर खास सांभाळा. डेंग्यू, मलेरिया, कुठलाही जोरदार ताप होऊन गेला की हा आकडा काही काळ खालीच असतो, तेव्हा पूर्ण बरं वाटल्यावर काही आठवडे जाऊ द्या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबला आधी सांगा, काही मशीनवर त्यामुळे रिपोर्ट चुकतो.

आम्ही लागोपाठ दोन रविवारी सकाळी आठला गेलो. ३४१ आणि ३५६.

चौथं: रिपोर्ट वाचायचा कसा

एकक बघा आधी. नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये साधारण ३००च्या खाली कमी धरतात, नॅनोमोलमध्ये दिलं असेल तर तेच साधारण १०.४ होतं, लोक १२ बघून घाबरतात. जाड माणसात एसएचबीजी नावाचं प्रोटीन कमी असतं, हार्मोनला रक्तातून वाहून नेणारं, त्यामुळे टोटल कमी दिसतं पण मोकळं, म्हणजे फ्री टेस्टोस्टेरॉन ठीक असू शकतं. काठावरचा आकडा असेल तर डॉक्टर एसएचबीजी करून फ्रीचा हिशोब काढतात, तो लॅबने थेट मोजून दिलेल्या फ्रीपेक्षा भरवशाचा असतो.

खरंच कमी असेल तर एलएच बघतात. एलएच वाढलेला म्हणजे हुकूम येतोय पण कारखाना चालत नाही, उदाहरणार्थ मोठेपणी गालगुंड होऊन वृषणांना इजा झाली असेल तर. एलएच कमी किंवा नॉर्मलच असेल तर गोष्ट वरच्या बाजूला आहे, पिट्युटरी, काही औषधं, किंवा लठ्ठपणा. सोबत शुगर, थायरॉइड, सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करून घ्या, कारण थकवा तर थायरॉइडनेही येतो आणि हिमोग्लोबिन कमी असलं तरी येतो. नुसत्या थकव्यावरून टेस्टोस्टेरॉन कळत नाही. सकाळचं ताठरपण बंद होणं, इच्छा कमी होणं, दाढी विरळ होणं, छाती सुजून दुखणं ही लक्षणं जास्त नेमकी आहेत, आणि याबद्दल डॉक्टरांशी बोलायला लाजू नका प्लीज, आपल्याकडे माणसं वर्षानुवर्षं हेच लपवतात. डोकेदुखीसोबत बाजूचं दिसायला कमी झालं असेल तर लगेच जा.

पाचवं: जोर आणि बैठका

आपल्या आजोबांच्या तालमीत होतं तेच. जड मेहनत आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. जिम हवीच असं नाही, दहा बाय दहाच्या खोलीत पलंग आणि कपाटाच्या मध्ये होतं. दादाने सुरुवात केली ती खुर्चीवर बसून उठण्यापासून, हात न लावता, दहाचे तीन सेट. पहिल्या दिवशी दुसऱ्या सेटला पाय थरथरायला लागले, वहिनी म्हणाली अहो पुरे आता. दोन आठवड्यांनी खुर्ची काढली. जोर आधी भिंतीला, मग ओट्याला हात टेकून, मग जमिनीवर. पाण्याचा पाच लिटरचा कॅन दोन्ही हातात धरून पाठीचा व्यायाम. तत्त्व एकच, दर आठवड्याला थोडं वाढलं पाहिजे, एक बैठक जास्त किंवा वजन जास्त, शेवटच्या दोन-तीन बैठका कठीण गेल्याच पाहिजेत.

व्यायामाने टेस्टोस्टेरॉन धडाधड वाढतं असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही, व्यायामानंतर जे वाढतं ते थोड्या वेळाने परत जागेवर येतं. पण स्नायूला वाढायला ३४० पुरेसं आहे, त्याला फक्त काम द्यावं लागतं. हे मला फार दिलासा देणारं वाटलं. सोबत चालणं, दादा आता एक स्टेशन आधी उतरतो आणि रविवारी आम्ही शिवाजी पार्कला कट्ट्याच्या कडेने चार फेऱ्या मारतो.

सहावं: ताट

चरबी उतरवायची आणि स्नायू वाचवायचा तर प्रोटीन लागतं, वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण १.२ ते १.६ ग्रॅम. किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. ८४ किलोच्या माणसाला १०० ग्रॅम तरी. आम्ही कागदावर मांडलं, सकाळी कांदेपोहे, डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी वडापाव, रात्री वरणभात, सगळं मिळून ५०सुद्धा होईना. मग बदललं काय, सकाळी तीन अंडी म्हणजे १८ ग्रॅम, डब्यात मटकी किंवा चण्याची उसळ आणि सोबत १०० ग्रॅम पनीर म्हणजे अजून साधारण २५, रात्री बांगडा नाहीतर चिकन. शाकाहारी असाल तर सोयाबीनच्या वड्या, ५० ग्रॅम सुक्या वड्यांत २५ ग्रॅमच्या आसपास मिळतं. भात बंद नाही केला, अर्धा केला. उपाशी राहू नका, एकदम कमी खाल्लं तर स्नायूही जातो आणि टेस्टोस्टेरॉनही खाली जातं. दारू कमी करा, रोजची असेल तर बंदच.

सातवं: झोप

२०११ मध्ये शिकागोत १० तरुण पुरुषांना आठ रात्री फक्त पाच तास झोपू दिलं, दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के उतरलं. तरुण आणि निरोगी मुलं होती ती. रात्री साडेबाराला घरी येऊन पहाटे ५:४०ची लोकल पकडणाऱ्यांनी हे वाचावं. घोरत असाल आणि मध्येच श्वास अडकतो असं बायको सांगत असेल तर स्लीप अॅप्नियाची तपासणी करा, तो सुटल्याशिवाय बाकीचं नीट लागत नाही.

आठवं: इंजेक्शन

आता पोटात गोळा का आला ते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदू समजतो भरपूर आहे, तो हुकूम थांबवतो, आणि वृषणात शुक्राणू बनणं बंद पडतं. कित्येकांचे शून्यावर येतात. सोडल्यावर परत यायला महिने लागतात, कधी वर्षापेक्षा जास्त. मूल हवं असलेल्या माणसाला हे इंजेक्शन म्हणजे उलट औषध आहे, आणि ट्रेनरने त्याला मूल हवंय का हे विचारलंसुद्धा नाही.

ज्यांना खरोखर कमतरता आहे, दोन टेस्ट आणि लक्षणं दोन्ही जुळतात, त्यांना उपचाराने फायदा होतो, स्नायू वाढतो, चरबी उतरते, हाडं सुधारतात, त्याबद्दल भीती नको. पण लक्ष ठेवावं लागतं. ऑस्ट्रेलियात १००७ पुरुषांना दोन वर्षं इंजेक्शन किंवा डमी देऊन बघितलं, खरं इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी २२ टक्के लोकांचं हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, ५४ टक्के किंवा वर गेलं, म्हणजे रक्त दाट झालं. म्हणून सीबीसी आणि पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) ठरलेल्या अंतराने करत राहायचं.

नववं: डॉक्टरांकडे जाताना

एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडे जा. परळचं केईएम किंवा मुंबई सेंट्रलचं नायर, दोन्हीकडे या विभागाची ओपीडी आहे, लाइन असते, वेळ काढून जा. सोबत न्यायचं ते असं: सकाळचे दोन्ही रिपोर्ट, त्यावर वेळ लिहिलेली, चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, त्यात जिममधली पावडर आणि गोळ्यासुद्धा, न लपवता, कंबरेची दर पंधरवड्याची नोंद. आणि मूल हवं असेल तर ते खुर्चीत बसल्या बसल्या सांगा.

दादाच्या वहीत शेवटची नोंद आहे कंबर ९४, वजन ७७, टेस्टोस्टेरॉन ४१२. पहिल्या पानावर वहिनीच्या अक्षरात खुर्चीवरच्या बैठकांचा आकडा आहे, २२, आणि पुढे लिहिलंय, तिसरा सेट अर्धवट.