कावळ्याला घास ठेवायचा तर आधी त्याचं खाणं समजून घ्या

आईच्या दहाव्याला पंचगंगा घाटावर पिंड ठेवून आम्ही भावंडं दीड तास उभी होतो. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, खाली एकही उतरेना. मामी हात जोडून एकेक वचन देत होत्या, "धाकट्याचं लग्न करतो, म्हशी विकत नाही." शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. ते मनाला फार लागलं. पुढच्या महिन्यापासून शिवाजी पेठेतल्या आमच्या गच्चीवर मी रोज घास ठेवायला लागले, त्याला नऊ वर्षं झाली. आता कळतं, त्या सकाळी आमच्या आधी सात-आठ पिंडं ठेवून झाली होती. कावळ्यांची पोटं भरली होती, आणि आम्ही पंधरा माणसं पिंडाला घेरून उभी होतो.

कावळा वासापेक्षा नजरेवर जगतो. नारळाचा शेंडा, विजेचा खांब, पाण्याची टाकी अशा उंच जागी बसून तो आपल्यालाच बघत असतो. कोण कधी उष्टं टाकतं, हे त्याच्या लक्षात राहतं. रविवारी आमच्या गल्लीतल्या मटणाच्या दुकानासमोरची तार सकाळीच भरते. एक खाली झेपावला की लांबचेही वळतात, त्यांना हाक मारावी लागत नाही. म्हणून वेळ ठरवा आणि मोडू नका. उजाडल्या उजाडल्या तो रातथाऱ्यावरून निघतो, तेव्हा भुकेला असतो. मी साडेसहाला ठेवते.

भांडं एकच ठेवा. नव्या वस्तूवर त्याचा विश्वास नसतो. जुनं जर्मनचं ताट बदलून मी स्टीलचं चकचकीत ठेवलं, तर चार दिवस कावळे कठड्यावर बसून निघून गेले. जुनं परत मांडलं, पाचव्या दिवशी घास उचलला. घास ठेवला की दाराआड व्हा, टक लावून बघू नका.

काय ठेवायचं? भाकरीचा तुकडा, मिठाशिवायचा भात, उकडलेलं अंडं, मसाला लावायच्या आधी बाजूला काढलेला मटणाचा तुकडा. तांबड्या रश्श्यातलं उरलेलं नको. तिखट, खारट, तळलेलं, बुरशी आलेलं काहीच नको. मूठभर पुरे, उरलं तर उंदीर येतात. शेजारी पसरट मातीच्या भांड्यात पाणी हवंच. वाळकी भाकरी तो पाण्यात बुडवून मऊ करून खातो, त्यामुळं पाणी रोज बदला. पोट भरल्यावरचा घास तो लपवूनही ठेवतो. माझ्या जास्वंदीच्या कुंडीत हाडं सापडतात, वर पान झाकलेलं असतं. मी ती काढत नाही.

आपल्या घासावर तो अवलंबून नाही, हेही ध्यानात ठेवा. माझं माहेर करवीर तालुक्यातलं. पहिल्या पावसानंतर रान नांगरायला घेतलं की नांगरामागं बगळे, साळुंक्या आणि कावळे चालतात, उसाची मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या वेचतात. तो म्हशीच्या पाठीवरचे गोचीड टिपतो, मेलेली जनावरं खातो, लिंबोळ्या आणि उंबरं खाऊन बिया लांब नेतो. चिमणीची अंडी आणि पिल्लंही पळवतो. मला ते बघवत नाही, पण त्याच्याही घरट्यात पिल्लं असतात. मानेला राखाडी तो घरकावळा, सगळा काळा आणि जाड चोचीचा तो डोमकावळा. दोघांचंही खाणं साधारण असंच.

एक कळकळीचं सांगणं. विष घालून मारलेला उंदीर उकिरड्यावर फेकू नका, खोल पुरा. तो खाऊन कावळा मरतो. आमच्या मागच्या बोळात दोन वर्षांपूर्वी असे तीन कावळे मेलेले सापडले, त्यातला एक रोज ताटावर येणारा, डाव्या पायाची नखं तुटलेला होता.

पितृपक्षात दुपारपर्यंत गल्लीगल्लीत पानं मांडलेली असतात, कावळा कुठं कुठं जाणार? आईच्या तिथीला मी सकाळचा घास ठेवत नाही. स्वयंपाक झाला की त्याच जर्मनच्या ताटात, त्याच कठड्यावर पान ठेवते, सगळ्यांना आत घेते आणि दार लोटते. गेल्या वर्षी दहा मिनिटांत आला. खीर-पुरीला हात लावला नाही, आधी वडा उचलला.