महागडा पुलर नसेल तर डिफरन्शियलची साइड बेअरिंग काढताना या चुका टाळा

डिफरन्शियलच्या कॅरियरवरची (फिरत्या घरावरची) साइड बेअरिंग काढायला कंपनीचाच पुलर (बेअरिंग ओढून काढायचं अवजार) लागतो हा समज खोटा आहे. जाड पट्टी, चांगल्या प्रतीचे बोल्ट, ग्राइंडर आणि छिन्नी एवढ्यावर हे काम नीट होतं. काम बिघडतं ते घाईने. बिघडलं की जुन्या बेअरिंगचं काही जात नाही, ती फेकायचीच असते. फटका बसतो तो कॅरियरच्या जर्नलला (बेअरिंग चढते तो गोल भाग), खांद्याला (बेअरिंग टेकते ती पायरी) आणि शिमला (जागा भरायची पातळ चकती), आणि या तिन्हींची भरपाई महागात पडते.

पुलर केजला अडकवणे

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. टेपर रोलर (तिरक्या रोलरच्या) बेअरिंगच्या आतल्या रेसची, म्हणजे आतल्या कड्याची, जाड बाजू कॅरियरच्या खांद्याला टेकलेली असते आणि मध्ये फट जवळपास नसतेच. साध्या पुलरचे पाय तिथे शिरत नाहीत, म्हणून ते केजखाली (रोलर धरून ठेवणाऱ्या जाळीखाली) लावले जातात. स्क्रू आवळला की केजचा पत्रा फाटतो, रोलर खाली पडतात आणि रेस आहे तिथेच राहते. धरायला जी थोडीफार जागा होती तीही गेली.

पकड रेसलाच हवी. बऱ्याच कॅरियरच्या खांद्यावर समोरासमोर दोन खाचा असतात, त्या पुलरच्या पायांसाठीच ठेवलेल्या असतात. त्यातला जुना ग्रीस आणि मळ खरवडून काढा, नाहीतर त्या दिसतच नाहीत. पुलरचे पाय जाड असतील तर टोकं थोडी घासून घ्या, पण घासताना ती निळी पडू देऊ नका, पाणी (कडकपणा) गेलेलं टोक वाकतं.

खाचा नसतील तर 12 मि.मी. जाडीच्या दोन पट्ट्यांमध्ये समोरासमोर अर्धगोल कापून घ्या आणि अर्धगोलाच्या कडेला एका बाजूने उतरती धार काढा. दोन्ही पट्ट्या रेसच्या मागे ठेवून दोन बोल्टनी एकमेकींकडे आवळल्या की धार रेसखाली घुसते आणि रेस किंचित वर उचलली जाते. मग पट्ट्यांमधून दोन लांब बोल्ट वर घ्या, त्यांवर 20 मि.मी.ची आडवी पट्टी टाका आणि तिच्या मधोमध बारीक आट्यांचा एम 16 बोल्ट लावून ओढा. बोल्ट 8.8 किंवा त्याहून वरच्या ग्रेडचेच हवेत.

मधल्या बोल्टखाली काय ठेवायचं याचा विचार फार थोडे जण करतात. जर्नल आतून पोकळ असतं, अॅक्सल शाफ्ट तिथूनच जातो. तोंडावर लोखंडी चकती हवी, आणि तिचा व्यास बेअरिंगच्या बोअरपेक्षा साधारण 1 मि.मी. कमी. मोठी चकती असली तर सुटून आलेली रेस तिच्यावर अडकते. लहान असली तर आत घसरते आणि जर्नलचं तोंड फुगवते. हाताशी आलेला सॉकेट ठेवून देणं हा शॉर्टकट इथे नकोच.

बोल्ट ताणात आला की त्याच्या डोक्यावर हातोड्याचा एक टोला द्या, पुन्हा थोडं आवळा, पुन्हा टोला. पान्ह्याला पाइप लावावासा वाटला तर समजा की पद्धत बदलायची वेळ आली.

ग्राइंडरने जर्नलपर्यंत कापणे

रेस ओढून निघत नसेल तर ती कापून फोडणं हा चांगला मार्ग आहे. केज तोडून रोलर काढायचे, रेसला खाच पाडायची आणि छिन्नीने तडकवायची. रेस घट्ट बसलेली म्हणजे ताणलेली असते, त्यामुळे आरपार कापायची गरजच नसते. तरीही लोक आरपार कापतात.

एका पिकअपच्या कॅरियरचं उदाहरण बोलकं आहे. खाच पाडताना डिस्क जर्नलमध्ये जेमतेम 1 मि.मी. उतरली होती. तेवढ्यावर थांबून खाचेच्या कडा साफ केल्या असत्या तर कॅरियर बहुधा वाचला असता. कारागिराने ती खाच वेल्डिंगने भरली आणि हाताने घासून ‘लेव्हल’ केली. उंचवटा डोळ्याला दिसत नव्हता, पण नवी रेस त्याच्यावर चढली आणि तिचा गोलावा बिघडला. रोलर एकाच पट्ट्यात घासू लागले, प्रीलोड (बेअरिंगवरचा ठरावीक दाब) गेला, क्राउन व्हील (कॅरियरवरचं मोठं गिअर) हलू लागलं आणि दातांवरचा संपर्क कडेला सरकला. गाडी परत आली तेव्हा बेअरिंग तर गेलीच होती, क्राउन व्हील आणि त्याला फिरवणारं लहान पिनियन यांची जोडीही घुऽघुऽ करत होती. वाचलेली मिनिटं पाच असतील, बदलायला लागला सगळा संच.

हे होतं कारण रेस सगळीकडे सारख्या जाडीची नसते. बाहेरच्या बाजूला ती पातळ आणि खांद्याकडे जाड. सरळ धरलेली डिस्क जाड बाजू अजून अर्धवट असतानाच पातळ बाजूला जर्नल गाठते. नवी बेअरिंग आधी आणून ठेवा, व्हर्नियरने तिच्या रेसची पातळ बाजू मोजा. ती 5 मि.मी. भरली तर तिथे 4 वर थांबायचं. डिस्क तिरकी धरा, म्हणजे खाचेचं बूड जर्नलला समांतर राहील, आणि दर थोड्या वेळाने मशीन थांबवून व्हर्नियरच्या शेपटीने खोली मोजा. मग छिन्नी खाचेत उभी धरून किलोभर वजनाच्या हातोड्याने एक खणखणीत घाव. घावाचा आवाज बदलला की रेस तडकली. नाही तडकली तर समोरच्या बाजूला दुसरी खाच पाडा, पहिली खोल करू नका. चेहऱ्यावर पूर्ण शिल्ड हवीच, कडक पोलादाची कपची साध्या चष्म्याच्या कडेने आत येते.

कापण्याआधी स्पायडर गिअर (कॅरियरमधली लहान गिअर) आणि दुसरी बेअरिंग ओल्या फडक्यांनी गच्च बंद करा. डिस्कची भुकटी तेलात मिसळली की नव्या बेअरिंगलाच खाते.

शिमची सरमिसळ

काही अॅक्सलमध्ये शिम रेसच्या खाली असतात, काहींमध्ये कपाच्या (बाहेरच्या रेसच्या) बाहेर, तर काहींमध्ये शिमऐवजी आट्यांचे अॅडजस्टर. शिम रेसखाली असतील तर धारदार पट्टी त्यांच्यात घुसून त्या चुरगळतात. अशा वेळी सरळ कापायची पद्धत घ्या. शिम निघाल्याबरोबर मायक्रोमीटरने तीन-चार ठिकाणी मोजा आणि डावी-उजवी वेगळ्या पाकिटांत ठेवा. दोन्ही बाजूंची बेरीज प्रीलोड ठरवते, वाटणी दातांमधला प्ले ठरवते.

थोडक्यात सांगण्यासारख्या गोष्टी

बेअरिंग कॅप (बेअरिंगवरची झाकणं) हाउसिंगसोबतच बोअर केलेल्या असतात. खोलण्याआधी एका बाजूला पंचची एक खूण करा, दुसरीला दोन. अदलाबदल चालत नाही.

क्राउन व्हीलचे बोल्ट काही डिफरन्शियलमध्ये उलट्या आट्यांचे असतात. जोर लावण्याआधी आटे बघा.

दोन स्क्रूड्रायव्हरनी उचकटू नका, खांद्यावर बर (धातूचा बारीक उंचवटा) उठतो आणि नवी रेस तिरकी बसते.

नव्या रेसबरोबर जुना कप ठेवणं म्हणजे नवी बेअरिंग वाया घालवणं.

अखंड निघालेली जुनी रेस फेकू नका. बोअर एमरीने घासून ती हाताने सरकेल इतकी सैल करा आणि शिमचं सेटिंग तिच्यावर करा. नवी बेअरिंग मग एकदाच चढते.

नवी बसवताना

ठोकून बसवण्यापेक्षा 100 ते 110 अंशांपर्यंत तापवा, 120 च्या वर नाही. 45 मि.मी.चा बोअर 80 अंशांनी तापला की साधारण 0.04 मि.मी. वाढतो, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. गॅसची ज्योत नको, तेल किंवा ओव्हन बरा. ठोकावंच लागलं तर पाइप फक्त आतल्या रेसवर टेकवा. बेअरिंग थंड होताना आकसते आणि कधीकधी खांद्यापासून सुटते, म्हणून गार होईपर्यंत दाबून धरा. शेवटी रेस आणि खांदा (किंवा शिम) यांच्यामध्ये 0.05 मि.मी.चं फीलर गेज चहूबाजूंनी घालून बघा. कुठेही आत गेलं तर बेअरिंग पूर्ण बसलेली नाही, डायल गेज लावून प्ले मोजायची घाई करू नका.