इनडिझाइनमधल्या स्क्रिप्टची घडी अशी बसवली

दिवाळी अंकाच्या दिवसांत इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरचं स्क्रिप्ट पॅनल (नेहमीची कामं आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रामची, म्हणजे स्क्रिप्टची यादी) गच्च भरलं होतं. मूळच्या नमुना स्क्रिप्ट 'ॲप्लिकेशन'खाली, इकडून-तिकडून उतरवलेल्या सगळ्या 'यूझर'खाली एकाच ढिगात. ऐन घाईत हवी ती सापडेना.

मूळच्यांना हात लावला नाही. पॅनलमधल्या 'यूझर'वर राइट-क्लिक करून 'रिव्हील इन एक्सप्लोरर' केलं की नेमका फोल्डर उघडतो. पत्ता हुडकत बसावं लागत नाही. तिथे '०१ मजकूर', '०२ चित्रं', '०३ छपाईपूर्व' असे उपफोल्डर केले. पॅनलमध्ये तीच रचना लगेच दिसते, इनडिझाइन बंद करून पुन्हा उघडायची गरज नाही. (इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र ती लागते.)

बाहेरच्या प्रत्येक स्क्रिप्टच्या नावाला ती लिहिणाऱ्याचं नाव जोडलं, म्हणजे अडलं तर विचारायचं कोणाला हे कळतं. काही स्क्रिप्टना सोबतच्या फायली लागतात. त्या हलवताना एकत्रच हलवायच्या. कीबोर्ड शॉर्टकट सर्वांत शेवटी द्यावेत, कारण स्क्रिप्टची जागा बदलली की ते पुन्हा द्यावे लागतात.

नव्या आवृत्तीचा 'यूझर' फोल्डर वेगळा असतो. त्यामुळे सगळ्या संचाची एक प्रत 'डॉक्युमेंट्स'मध्ये ठेवली आहे.