केडीबीत कीबोर्ड मुका? या चुका टाळा

लिनक्स कर्नलच्या (म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या) केडीबीत, म्हणजे कर्नल थांबवून दोष शोधायच्या डीबगरमध्ये, शिरलात, स्क्रीनवर केडीबीचा प्रॉम्प्ट आला, आणि एकही कळ उमटत नाही. मशीन गोठलं असं समजून पॉवर बटण दाबायचा मोह होतो. थांबा. मशीन बहुतेक वेळा ठीक असतं, तुमचा कीबोर्डच केडीबीला दिसत नसतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे यूएसबी कीबोर्ड लावून बसणं. "बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालतो, ग्रबमध्येही (लिनक्स सुरू करणाऱ्या बूटलोडरमध्येही) चालतो, मग इथे का नाही?" हा प्रश्न मीही विचारलाय. बायोस यूएसबी कीबोर्डला जुन्या पीएस/२ कीबोर्डचा (यूएसबीच्या आधीच्या जोडणीच्या कीबोर्डचा) मुखवटा चढवतं. कर्नलचा यूएसबी ड्रायव्हर ताबा घेतो तेव्हा तो मुखवटा उतरतो. पुढे केडीबीत शिरताना बाकीचे सीपीयू थांबवले जातात आणि इंटरप्ट (हार्डवेअरने सीपीयूला दिलेल्या हाका) बंद असतात, त्यामुळे इंटरप्टच्या भरवशावर चालणारा तो ड्रायव्हरही गप्प होतो. केडीबी स्वतः पीएस/२ कीबोर्ड कंट्रोलरच्या पोर्ट ०x६४ ची स्थिती पुन्हापुन्हा तपासतो आणि ०x६० वरून स्कॅनकोड (दाबलेल्या कळेचा आकडा) उचलतो. तिथे पीएस/२ जातीचा कीबोर्डच बोलतो.

लॅपटॉपचा अंगचा कीबोर्ड बऱ्याचदा याच जातीचा असतो. प्रॉक-बस-इनपुटखालच्या डिव्हायसेस फाइलमध्ये 'एटी ट्रान्सलेटेड सेट २ कीबोर्ड' असं नाव दिसलं तर निश्चिंत राहा. क्यूईएमयूमध्ये (आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) नेहमीच्या पीसीचं सोंग असेल तर पीएस/२ कीबोर्ड आपोआप मिळतो, म्हणून सरावाला तेच बरं.

दुसरी चूक सेटिंगची. केजीडीबीओसी या पॅरामीटरमध्ये (डीबगरने कुठून इनपुट घ्यायचं ते सांगणारा कर्नलचा बूट पर्याय) 'केबीडी', म्हणजे कीबोर्ड, लिहिलंच नाही, किंवा कर्नल बांधताना केडीबीचा कीबोर्ड पर्याय बंद राहिला, तर पीएस/२ कीबोर्डही मुकाच. कीबोर्ड आणि सिरियल पोर्ट दोन्ही हवं असेल तर 'केबीडी,टीटीवायएस०,११५२००' असं एकत्र देता येतं.

कळा उमटतात पण भलतीच अक्षरं येतात? 'आय८०४२ डायरेक्ट' हा बूट पर्याय दिलाय का पाहा. स्कॅनकोडचे वेगवेगळे संच असतात; केडीबीला संच १ चे स्कॅनकोड लागतात, आणि हा पर्याय दिला की कंट्रोलर कीबोर्डकडून आलेल्या संच २ चं संच १ मध्ये भाषांतर करत नाही. कॅप्स लॉकचीही गंमत आहे: केडीबी त्याची नोंद स्वतःपुरती ठेवतो, त्यामुळे कीबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका.

'गो' ही आज्ञा देऊन केडीबीतून बाहेर आल्यावर कधी आत शिरताना दाबलेली ऑल्ट दाबलेलीच राहिल्यासारखी वाटते, कारण कळ सोडल्याची खूण केडीबीनेच गिळलेली असते. केजीडीबीओसी बाहेर पडताना इनपुट रीसेट करतो. तरी अडकली तर ऑल्ट, कंट्रोल, शिफ्ट एकेकदा दाबून सोडा.

हे सगळं नको असेल तर सिरियल केबल लावा. फक्त यूएसबी-सिरियल अडॅप्टर तपासायच्या मशीनला लावू नका, तिथे पुन्हा यूएसबीच आडवी येईल. त्या मशीनला खरा सिरियल पोर्ट हवा, अडॅप्टर पलीकडच्या लॅपटॉपला चालतो.