स्ट्रॉन्शियमवाल्या बायोग्लासचे नॅनोकण बनवताय? मग आधी हिशोब नीट करा

बायोग्लास म्हणजे हाडाला चिकटणारी काच, लॅरी हेंचने 1969 ला शोधलेली. आता तिचेच नॅनोकण करून त्यात स्ट्रॉन्शियम, तांबं, झिंक भरतात, म्हणजे कण विरघळत जातात तसे आयन तिथल्या तिथे सुटतात. स्ट्रॉन्शियम हाड बांधणाऱ्या पेशींना जोर देतं, हाड खाणाऱ्यांना आवरतं. तांब्याने नव्या रक्तवाहिन्या उगवतात, पण जास्त झालं की पेशीच मरतात, म्हणून नवख्यांनी स्ट्रॉन्शियमपासून सुरुवात करावी असं माझं मत.

आधी हिशोब. काचेतल्या कॅल्शियमच्या जागी स्ट्रॉन्शियम टाकताना मोलमध्ये मोजा, ग्रॅममध्ये नाही. कॅल्शियम ऑक्साइड 56 ग्रॅम काढलं तर स्ट्रॉन्शियम ऑक्साइड 103.6 ग्रॅम लागतं. मी पहिल्यांदा वजनाला वजन घातलं, सिलिकाचं प्रमाण वाढून बसलं आणि मी दोन महिने म्हणत होतो की आयन इतके कमी का सुटतायत!

मग इथेनॉल, पाणी, अमोनिया (वाफ ओढून घेणाऱ्या हूडमध्येच हां, डोळे चुरचुरतात) यात टीईओएस (ज्यापासून सिलिका बनते ते द्रव) सोडा, थोड्या वेळाने दुधासारखं पांढरं होतं. रात्रभर ढवळून झालं की कॅल्शियम आणि स्ट्रॉन्शियम नायट्रेट घाला, सेंट्रिफ्यूज करा, वाळवा, 680 अंशाला भाजा. खरी गोम इथंच आहे. भाजेपर्यंत हे आयन सिलिकात शिरलेलेच नसतात, नुसते वर चिकटलेले असतात, त्यामुळे बरेचसे सेंट्रिफ्यूजच्या वरच्या पाण्याबरोबर बेसिनमध्ये जातात, आणि भाजायच्या आधी धुतलंत तर उरलेलेही गेले. वहीत लिहिलेलं प्रमाण कणात असेलच असं नाही, पावडर लिथियम मेटाबोरेटसोबत वितळवून आयसीपीला (कुठलं मूलद्रव्य किती ते मोजणारं यंत्र) द्या आणि तोच आकडा धरा.

आयन किती सुटतात ते ट्रिस बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं साधं द्रावण) बघा. एसबीएफमध्ये (रक्तातल्या पाण्यासारखे क्षार घातलेलं द्रावण) मुळातच 2.5 मिलीमोलर कॅल्शियम असतं, शिवाय कणांवर हाडातलं खनिज, म्हणजे अ‍ॅपेटाइट जमताना सुटलेलं स्ट्रॉन्शियम परत त्यातच अडकतं, म्हणजे आकडा खाली येतो आणि आपल्याला वाटतं सुटणं थांबलं. अ‍ॅपेटाइट जमतं का हे बघायला मात्र एसबीएफच, 36.5 अंशाला, 50 मिलीत 75 मिलिग्रॅम.

पेशींवर टाकायच्या आधी मीडियमचा, म्हणजे पेशी ज्यात वाढवतात त्या द्रवाचा, पीएच मोजा. ताजी पावडर तो वर नेते, पेशी त्यानेच मरतात आणि नाव मात्र स्ट्रॉन्शियमचं होतं.